नवं यंत्र आलं की पहिला आरोप चोरीचाच का?

कानसेन

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे चौकोन असायचे, आठवतात? ते मोडले की त्या कॅसेटवर चुकूनसुद्धा दुसरं काही रेकॉर्ड व्हायचं नाही, लाल बटण खाली जायचंच नाही. पुढे कधी मन बदललं तर त्या खाचांवर चिकटपट्टी लावायची, झालं काम. ठेवायचं की पुसायचं, हे ज्याच्या हातात कॅसेट त्यानं ठरवायचं.

हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात एका संगीतसेवेवरच्या माझ्या यादीतली अकरा गाणी एका रात्रीत करडी पडली. नावं दिसतात, पण बोट लावलं तरी वाजत नाहीत. विचारलं तर 'परवान्याची मुदत संपली' एवढंच उत्तर. दरमहा नेमाने पैसे भरतो, तरी ही गत. तेव्हापासून या सगळ्या भांडणाचा इतिहास वाचत बसलो आहे. जे हाती लागलं ते इथे मांडतो, कारण त्यात एक ठरलेला क्रम दिसतो.

सुरुवात पियानोपासून. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आपोआप वाजणारे पियानो आले. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी आत फिरायची आणि त्या भोकांप्रमाणे पट्ट्या दाबल्या जायच्या. गुंडाळ्या धडाधड खपत होत्या, पण ज्यांची गाणी त्यांना त्यातून दमडीही मिळत नव्हती. अमेरिकेतले नामांकित बँड-संगीतकार जॉन फिलिप सूझा यांनी १९०६ साली तिथल्या संसदेपुढे साक्ष दिली, की हे असंच चाललं तर शेपटी गळून पडली तसे माणसाचे स्वरतंतूही गळून पडतील. त्यांचा राग मला समजतो. पण १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गुंडाळी माणसाला वाचता येत नाही, म्हणून ती गाण्याची 'प्रत' नव्हेच.

मग १९०९ मध्ये कायदा बदलला आणि सक्तीचा परवाना आला. एकदा संगीतकाराने आपलं गाणं यंत्रासाठी दिलं, की पुढे कोणीही ते बनवू शकेल, मात्र दर प्रतीमागे २ सेंट द्यायचे. याला एक कारण होतं. एओलियन नावाच्या गुंडाळ्या बनवणाऱ्या कंपनीने मोठ्या प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते. संगीतकारांना नुसता पूर्ण हक्क दिला असता तर सगळा धंदा त्या एकट्या कंपनीच्या घशात गेला असता.

सव्वाशे वर्षांच्या या भांडणात मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच. यंत्रावर बंदी घातली नाही, गाणं फुकटही वाटलं नाही. दर ठरवला.

आता व्हिडिओ. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स हा घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर आणला आणि पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपट कंपन्या कोर्टात गेल्या. लोक टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून नंतर बघतात, ही तक्रार. १९८२ मध्ये चित्रपट कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी संसदेपुढे या यंत्राची तुलना घरात एकट्या असलेल्या बाईपुढच्या खुन्याशी केली. दोन वर्षांनी, १७ जानेवारी १९८४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की कार्यक्रम नंतर बघण्यासाठी रेकॉर्ड करणं गुन्हा नाही आणि ज्या यंत्राचे भरपूर वैध उपयोग आहेत ते विकणंही गुन्हा नाही. लहान मुलांच्या कार्यक्रमांचे लाडके सूत्रधार फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली होती, की घरच्यांना सोयीच्या वेळी माझा कार्यक्रम बघता येत असेल तर माझी काहीच हरकत नाही. ती साक्ष निकालपत्रात उद्धृत केलेली आहे. एका मताने वाचलेलं हे यंत्र. आणि तीन-चार वर्षांतच हॉलीवूडला थिएटरपेक्षा घरच्या व्हिडिओतून जास्त पैसे मिळू लागले!

मग नॅपस्टर, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांच्या संगणकातली गाणी फुकट उतरवून घेण्याची सोय. जून १९९९ मध्ये सुरू झालं, डिसेंबरात खटला, जुलै २००१ मध्ये बंद. लोक थांबले का? ते दुसऱ्या ठिकाणी गेले. सप्टेंबर २००३ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांच्या अमेरिकी संघटनेने थेट श्रोत्यांवर खटले भरले, पहिल्याच फेरीत २६१. त्यात एक बारा वर्षांची मुलगी निघाली, तिच्या आईने २००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. पाच वर्षांत असे ३० हजारांहून जास्त लोक गाठले. एका बाईंना २४ गाण्यांसाठी आधी २ लाख २२ हजार डॉलर आणि फेरखटल्यात १९ लाख २० हजार डॉलर दंड सांगितला गेला. अपिलानंतर शेवटी पहिला आकडा कायम राहिला. २४ गाणी! आणि त्याच २००३ सालच्या एप्रिलात अॅपलने ९९ सेंटला एक गाणं विकायला सुरुवात केली होती. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी खपली. पैसे द्यायला लोक तयार होते, घ्यायला कोणी खिडकीच उघडली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच: दर वेळी आधी 'चोर' म्हणून ओरडायचं, मग दर ठरवायचा, मग त्याच यंत्रावर पैसे कमवायचे. मधली वर्षं वाया जातात आणि त्यात सामान्य माणूस भरडला जातो. दर आधीच का ठरवू नये?

पाऊलवाट

उत्तम धागा. १९८१ मध्ये ब्रिटनच्या रेकॉर्ड कंपन्यांनी 'घरच्या टेपिंगमुळे संगीत मरतंय' अशी मोहीम काढली होती, तीही यात जोडा. चिन्ह होतं कॅसेटची कवटी आणि खाली दोन हाडं. मला संगीताची गोडी लागली ती मित्राने भरून दिलेल्या कॅसेटमुळेच. त्यातल्या गायकांच्या पुढे मी विकत घेतलेल्या तबकड्यांनी एक कपाट भरलंय.

तारसप्तक

मी बावीस वर्षं स्टुडिओत व्हायोलिन वाजवतो आहे. कानसेन, लेख मनापासून लिहिला आहे, पण तुमच्या गोष्टीत दोनच पात्रं आहेत, कंपनी आणि श्रोता. वाजवणारा कुठे आहे?

त्या २ सेंटचंच घ्या. तो दर १९०९ मध्ये ठरला आणि १९७८ पर्यंत २ सेंटच राहिला. एकोणसत्तर वर्षं! एवढ्या काळात सगळं महागलं, गाणं लिहिणाऱ्याची मजुरी तेवढी गोठलेली. शिवाय ते पैसे गीतकार-संगीतकाराचे. वाजवणाऱ्याला त्यातलं काहीच नाही.

वादकांनीही यंत्राविरुद्ध लढा दिला होता, तो मात्र कोणी सांगत नाही. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगच बंद केलं. रेडिओवर आणि हॉटेलांत तबकड्या वाजू लागल्या आणि जिवंत वाद्यवृंद घरी बसले, हे कारण. दोन वर्षांहून जास्त काळ संप चालला. गायक त्या संघटनेत नव्हते, म्हणून कंपन्यांनी वाद्यांऐवजी मागे नुसता गायकवृंद उभा करून गाणी काढली. अखेर कंपन्या नमल्या. विकल्या जाणाऱ्या दर तबकडीमागे ठरावीक रक्कम वादकांच्या निधीत जाऊ लागली. हाही 'दर ठरवणं'च आहे, पण तो मागून मिळाला नाही. हात थांबवावे लागले तेव्हा मिळाला.

माझं स्वतःचं सांगतो. बहुतेक कामं एकरकमी. स्टुडिओत जायचं, समोर स्वरलिपी येते, कानात तालाची क्लिक चालू, तीन-चार टेक, सही करायची आणि निघायचं. त्या सहीच्या वरच्या ओळीत लिहिलेलं असतं: 'आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी.' भविष्यात येणारी माध्यमं! कॅसेट होती तेव्हा सही केली, ती आता फोनवरही लागू. खिडकी तुमच्यासाठी उघडली, ठीक आहे. पण तिच्यातून आत गेलेले पैसे माझ्या टेबलापर्यंत आले नाहीत.

कानसेन

तारसप्तक, ही बाजू माझ्या लेखातून निसटली होती, हे मान्य. ते सहीच्या वरचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

एक विचारतो. महिन्याची वर्गणी भरतो त्यातले पैसे नेमके कसे वाटले जातात? मी महिनाभर एकाच सारंगीवादकाला ऐकलं तर माझे पैसे त्यालाच जातात का?

तारसप्तक

नाही. बहुतेक सेवांवर सगळ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एकाच डबक्यात पडतात. त्यातला सेवेचा वाटा बाजूला काढला की उरलेली रक्कम एकूण वाजण्यांच्या प्रमाणात हक्कधारकांना वाटतात. तुम्ही फक्त सारंगी ऐकली तरी तुमचे बरेचसे पैसे त्या महिन्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांकडे जातात. हक्कधारक म्हणजे बहुधा कंपनी, ती आपल्या करारानुसार कलाकाराला देते. २०२४ पासून स्पॉटिफायवर आणखी एक नियम आहे: आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला काहीच मिळत नाही.

दुसरी पद्धत आहे. ज्याने जे ऐकलं त्याचे पैसे त्यालाच. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये छोट्या, स्वतंत्र कलाकारांसाठी ती सुरू केली. म्हणजे हिशोब करता येतो. बाकीच्यांना तो करायचा नाही.

निळी_शाई

मी जुनी कागदपत्रं आणि ध्वनिफिती जपण्याचं काम करते, म्हणून वेगळ्या अंगाने लिहिते.

'नोस्फेराटू' हा १९२२ सालचा जर्मन मूकपट. त्याची कथा ज्या कादंबरीवरून परवानगी न घेता उचलली होती, तिच्या लेखकाच्या पत्नी कोर्टात गेल्या. १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. त्यांची तक्रार खरी होती, कायद्याने त्या जिंकल्याही. पण काही प्रती इतरत्र गेलेल्या होत्या, म्हणून आज तो चित्रपट आहे. नाहीतर चित्रपटकलेच्या इतिहासातून एक अख्खं पान गेलं असतं.

दुसरं उदाहरण बीबीसीचं. 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग त्यांनी स्वतःच पुसले. तेव्हा टेप महाग, पुन्हा वापरायची पद्धत, आणि जुनं कोण बघणार असा समज. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण त्या काळी काही मुलांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. मालकाने पुसलं आणि चाहत्यांनी राखलं.

माझ्याकडे येणाऱ्या टेपांचा मला वास आधी येतो. काही जुन्या फितींना विनेगरसारखा आंबट दर्प सुटतो, तो आला की समजायचं, हिचे दिवस भरत आले. वाजवण्याची संधी फार तर एकदा मिळते. त्या क्षणी हक्क कोणाचा हे विचारायला जावं तर कंपनी बंद पडलेली, वारस सापडत नाहीत. १७१० च्या इंग्लंडमधल्या पहिल्या प्रताधिकार कायद्यात मुदत होती १४ वर्षं, लेखक हयात असेल तर आणखी १४. आज अनेक देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. अमेरिकेत १९९८ मध्ये मुदत वीस वर्षांनी वाढवली, तेव्हापासून १ जानेवारी २०१९ पर्यंत तिथे प्रसिद्ध झालेली एकही जुनी कृती मुदत संपून सार्वजनिक झाली नाही. फिती तोवर वाट बघत नाहीत हो.

बाराखडी

शाईताई, तुमचं काम मोलाचं आहे आणि हरवलेल्या गोष्टींबद्दल मी पूर्ण सहमत. पण जे हरवलेलं नाही त्याचं काय? मी एका विषयावरचं पुस्तक चार वर्षं खपून लिहिलं. आकृत्या स्वतः काढल्या, सूची रात्री बसून केली. बाजारात आल्यावर तिसऱ्याच महिन्यात एका अनोळखी वाचकाचं पत्र आलं, फार सुंदर, दोन पानी. शेवटी लिहिलं होतं, 'आमच्या गटातल्या सगळ्यांना पाठवलंय, तुमच्याकडे नसेल तर सोबत जोडतो.' सोबत माझ्याच पुस्तकाची स्कॅन केलेली फाइल. पानाच्या कडेला कोणाचा तरी अंगठा आलेला.

त्या माणसाच्या मनात काहीही वाईट नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. प्रकाशकाने दुसरी आवृत्ती काढली नाही. खप नाही म्हणाले.

पाऊलवाट

बाराखडी, वाचून वाईट वाटलं. मित्राला एक कॅसेट भरून देणं आणि एका टिचकीत पाचशे जणांना फाइल पाठवणं यात फरक आहे, हे मी वर लिहिताना ध्यानात घ्यायला हवं होतं. कॅसेट भरायला तेवढा वेळ बसावं लागायचं, शिवाय प्रतीची प्रत आणखी खरखरीत. तंत्रानेच मर्यादा घातलेली होती.

चांदणचुरा

संगणकवाल्याच्या बाजूने लिहितो. ती गेलेली मर्यादा कुलपाने, म्हणजे नक्कल करूच न देणाऱ्या प्रोग्रामने, परत आणायचा प्रयत्न झाला आणि तो फसला, कारण कुलूप लागतं ते विकत घेणाऱ्यालाच. ज्याने फुकट उतरवून घेतलं त्याच्या प्रतीवर कुलूप नसतंच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

२००५ चं उदाहरण. सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्या की नक्कल रोखणारा एक प्रोग्राम विंडोजमध्ये गुपचूप बसायचा आणि स्वतःला लपवायचा. ती लपण्याची जागा मग दुसऱ्या घातक प्रोग्रामांनाही सापडली. गाजावाजा झाला, सीडी परत मागवाव्या लागल्या, खटले झाले. अस्सल सीडी पैसे देऊन घेणाऱ्यांचेच संगणक बिघडले.

२००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून (पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून) जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या विकत घेतलेल्या प्रती दूरूनच पुसल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत दिले, नंतर जाहीर माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याने त्यावर काढलेली टिपणं निरर्थक झाली, तो कोर्टात गेला. कागदी पुस्तकाच्या बाबतीत चूक दुकानदाराची असती तरी तुमच्या कपाटात कोणी हात घातला नसता.

आणि अमेरिकेतल्या १९९८ च्या कायद्याने असं कुलूप तोडणं हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला. आतली वस्तू तुमची असली तरी.

तारसप्तक

पहारेकरी म्हणून नेमलेल्या यंत्रांचंही असंच. मी बाखची एक रचना घरी वाजवून एका व्हिडिओ संकेतस्थळावर चढवली. बाख जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली. तासाभरात दावा आला, की हे ध्वनिमुद्रण अमुक कंपनीचं. हात माझे, व्हायोलिन माझं, मागे कुकरची शिट्टी सुद्धा ऐकू येते. तक्रार केली, महिनाभराने दावा मागे घेतला. तेवढ्या महिन्यात जाहिरातींचे जे काही पैसे झाले ते मला मिळाले नाहीत. रक्कम किरकोळ होती, पण माझं वाजवणं माझं आहे हे मलाच सिद्ध करावं लागलं, ते अजून खुपतं.

कानसेन

या सगळ्यातून माझं मत थोडं सरकलं आहे, ते लिहितो. 'दर ठरवा' हे अजून म्हणतो, पण दर कोणाच्या हातात पडतो हे त्याच कायद्यात लिहिलेलं असलं पाहिजे आणि तो ठरावीक वर्षांनी वाढला पाहिजे.

एआयच्या बाबतीत हे आत्ताच घडतंय. जून २०२४ मध्ये तीन मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या गाणी बनवणाऱ्या सेवांवर खटले भरले: आमची ध्वनिमुद्रणं न विचारता शिकवणीला वापरली. २०२५ संपायच्या आत त्यांतल्या काही कंपन्यांनी समझोते करून परवाने दिलेसुद्धा. पूर्वी ज्याला दहा वर्षं लागत ते दीड वर्षात. तारसप्तक, त्या शिकवणीत तुमचं व्हायोलिन असू शकतं, नाही का?

तारसप्तक

असणारच. 'भविष्यात येणारी सर्व माध्यमं' यात तेही बसवतील. २०२३ मध्ये हॉलीवूडचे पटकथालेखक १४८ दिवस संपावर होते, त्यांच्या करारात एआयबद्दलच्या अटी आल्या त्या त्यामुळे. लेखकांची संघटना भक्कम आहे. एकरकमी काम करणाऱ्या वादकाच्या मागे कोण उभं आहे? समझोत्याच्या बातम्या मी दोनदा वाचल्या. आमच्या वाट्याचा आकडा शोधत होतो.

आता नवीन काम येतं तेव्हा मी त्या ओळीत पेनाने 'यंत्रप्रशिक्षण वगळून' असं लिहितो आणि बाजूला सही करतो. आतापर्यंत पाचांपैकी दोघांनी मान्य केलं. एकाने दुसरा वादक बोलावला.

बाराखडी

हे फार उपयोगाचं आहे. पुढच्या करारात मीही लिहीन.

एक मदत हवी आहे. पुस्तकाचे हक्क प्रकाशकाकडून माझ्याकडे परत आले आहेत. फाइल फिरतेच आहे, तर निदान चांगली, अंगठा नसलेली, चुका सुधारलेली प्रत मीच खुली करावी असं मनात आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना आपलं काम ठरावीक अटींवर वापरू देणारा, कोणता परवाना घ्यावा?

निळी_शाई

किती छान! तुम्हाला काय चालेल त्यावर ठरेल. नाव द्या आणि काहीही करा, असं असेल तर 'बीवाय'. वापरा, पण तुम्ही त्यात बदल करून जे बनवाल तेही याच अटीवर खुलं ठेवा, असं हवं असेल तर 'बीवाय-एसए', विकिपीडियाचा हाच आहे. धंद्यासाठी वापरू नका म्हणायचं असेल तर 'एनसी' जोडायचं, मात्र मग विकिपीडियावाल्यांना तुमच्या आकृत्या घेता येणार नाहीत. प्रकाशकाने काढलेलं मुखपृष्ठ तुमच्या हक्कात येतं का, ते करारात बघा. नसेल तर नवं करा.

आणि घाई करू नका. हा परवाना एकदा दिला की ज्यांनी प्रत घेतली त्यांच्याकडून मागे घेता येत नाही.

बाराखडी

'बीवाय-एसए' करतो. मुखपृष्ठ वगळावं लागेल, करार काढून बघितला. आकृती सतरामध्ये एक बाण उलटा छापला गेला होता, तो आधी सरळ करतो.